सोनाटा रंगवणारा संगीतकार

लिथुआनियातल्या कौनास शहराच्या संग्रहालयात १९०८ सालचं एक चित्र आहे. कागदावर टेम्परा रंगांनी काढलेलं. फरच्या झाडांच्या ओळी, त्यांच्याखाली संथ पाणी आणि पाण्यात झाडांची प्रतिबिंबं. घाईने पाहिलं तर एखादा शांत तलाव वाटावा. चित्राचं नाव मात्र आहे 'फ्यूग'. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतातला तो एक अत्यंत काटेकोर रचनाप्रकार, जर्मन संगीतकार बाखने शिखरावर नेलेला. तळ्याकाठच्या झाडांना हे नाव कशासाठी?

हे चित्र काढणारा मिकालोयस कोन्स्तान्तिनास च्युर्लिओनिस हा लिथुआनियाचा पहिला मोठा संगीतकार. आयुष्य जेमतेम पस्तीस वर्षांचं. तेवढ्यात त्याने लहानमोठ्या मिळून ४०० च्या आसपास संगीतरचना केल्या आणि सुमारे ३०० चित्रं काढली. त्याच्याविषयी बोलताना लोक पटकन म्हणतात, की त्याला सूर ऐकताना रंग दिसायचे. दिसतही असतील. पण तेवढ्यावर विषय संपवला, तर त्याच्या कामातलं सगळ्यात सुंदर ते हातातून निसटतं. सुरांत रंग दिसणं ही देणगी झाली. फ्यूग बांधता येणं ही शिकण्याची गोष्ट आहे. च्युर्लिओनिसने ती विद्या तीन गावांत, दहाएक वर्षं खपून मिळवली होती आणि चित्र काढायला बसला तेव्हा तीच वापरली. संगीत ऐकून मनात जे दाटून येतं ते अनेक चित्रकारांनी रंगवलंय. याने संगीताचं बांधकाम रंगवलं. हे समजायला पाश्चात्त्य संगीत येत असण्याची काहीच गरज नाही, फक्त थोडं सावकाश पाहावं लागतं.

त्याचा जन्म २२ सप्टेंबर १८७५ चा, सेनोयी वारेना या गावातला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. आई जर्मन वंशाच्या कुटुंबातली. नऊ भावंडांत हा थोरला. तो तीन वर्षांचा असताना कुटुंब द्रुस्किनिंकायला राहायला आलं. नेमुनास नदीच्या काठचं, औषधी पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं, चहूबाजूंनी पाइनच्या जंगलाने वेढलेलं हे गाव. पुढे त्याच्या संगीतात आणि चित्रांत जे जंगल पुन्हा पुन्हा येतं, ते इथलं. सातव्या वर्षापर्यंत पोरगा समोर ठेवलेली स्वरलिपी बघून वाजवायला लागला होता.

घरात बोलली जाणारी भाषा पोलिश होती. लिथुआनियाचा सर्वांत लाडका कलावंत लिथुआनियन भाषा नीट शिकला तो तिशी ओलांडल्यावर. याचं कारण त्या काळात आहे. लिथुआनिया तेव्हा रशियन साम्राज्यात होता आणि शिकल्यासवरल्या घरांत शतकानुशतकं पोलिशचा मान. त्यात १८६४ पासून १९०४ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षं, लॅटिन लिपीत लिथुआनियन मजकूर छापायला झारच्या सरकारने बंदी घातली होती. लोक शेजारच्या प्रशियात पुस्तकं छापून घेत आणि पाठीवर गोणी टाकून रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडत. पकडलं गेलं तर तुरुंग, नाहीतर सैबेरिया. ज्या भाषेसाठी ही माणसं जीव धोक्यात घालत होती ती आपल्याला अगदीच परकी नाही. अग्नीला तिथे 'उग्निस' म्हणतात, देवाला 'दिएवास', मुलाला 'सूनुस'. संस्कृतातला 'सूनु' आठवला की अंतर एकदम कमी होतं. भाषेचे अभ्यासक लिथुआनियनकडे इतक्या आदराने पाहतात ते याच जुनेपणामुळे.

मुलाचं बोट पहिल्यांदा धरलं ते मिखाल ओगिन्स्की या सरदाराने. प्लुंगे गावी त्याचा वाडा होता, वाड्यात स्वतःचा वाद्यवृंद होता आणि वाद्यवृंदाला जोडून संगीतशाळा. घरच्या ओळखीच्या डॉक्टरांच्या मध्यस्थीने १८८९ मध्ये हा तिथे दाखल झाला. बासरी वाजवू लागला, पहिल्या रचना लिहू लागला. १८९४ मध्ये ओगिन्स्कीनेच त्याला स्वखर्चाने वॉर्सोच्या संगीत महाविद्यालयात पाठवलं. तिथे तो आधी पियानो शिकला, मग झिग्मुन्त नोस्कोव्स्की यांच्याकडे रचनाशास्त्र. १८९९ मध्ये शिक्षण संपलं. लुब्लिनच्या संगीतशाळेचं प्रमुखपद चालून आलं, ते त्याने नाकारलं. बांधलेली नोकरी नको, रचना करायला वेळ हवा, एवढंच त्याचं म्हणणं. वॉर्सोत राहून त्याने 'मिश्के', म्हणजे 'जंगलात', ही वाद्यवृंदासाठी एकसलग मोठी रचना १९०१ मध्ये पूर्ण केली. लिथुआनियन संगीतकाराने लिहिलेली ही या प्रकारची पहिली रचना. सुरुवातीला हलके, रुंद सूर एकमेकांवर पसरत जातात. पाइनच्या जंगलातून वारा जातो तेव्हा असाच आवाज होतो.

मग जर्मनीतलं लाइपझिग. १९०१ ची हिवाळी थंडी, परकी भाषा, घरच्या आठवणी आणि पैशांची ओढाताण. पण इथे त्याला सालोमॉन याडासझोन भेटले. काउंटरपॉइंट हा त्यांचा विषय, त्यावर त्यांनी पाठ्यपुस्तकं लिहिलेली. मला च्युर्लिओनिसच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून इथे जरा थांबते.

आपल्या रागसंगीतात एका वेळी एकच सुरावट चालते. तानपुरा मागे आधार देतो, हार्मोनियम किंवा सारंगी गायकाच्या मागोमाग जाते, पण गोष्ट एकाची असते. काउंटरपॉइंटमध्ये दोन, तीन, चार स्वतंत्र सुरावटी एकाच वेळी चालतात. प्रत्येक सुरावट एकटी गायली तरी पूर्ण वाटली पाहिजे आणि सगळ्या मिळून गायल्या तरी कानाला गोड लागल्या पाहिजेत. कुणी मुख्य नाही, कुणी साथीला नाही.

या कलेचं सर्वांत कठीण रूप म्हणजे फ्यूग. आधी एक आवाज एकट्याने एक छोटी सुरावट म्हणतो. तिला विषय म्हणायचं. तो संपतो न संपतो तोच दुसरा आवाज तोच विषय वेगळ्या पट्टीत म्हणत आत येतो. पहिला मात्र गप्प बसत नाही, दुसऱ्याला जुळेल असं काही नवं म्हणत राहतो. मग तिसरा येतो, चौथा येतो. थोड्याच वेळात तो एकच विषय चहूकडून ऐकू यायला लागतो. संगीतकार त्याच्याशी खेळतोही. स्वरांची लांबी दुप्पट करून विषय सावकाश म्हणतो, निम्मी करून झरझर म्हणतो. किंवा उलटा करतो, म्हणजे जिथे सूर वर जात होता तिथे तेवढाच खाली आणतो. इतकं सगळं एका मूठभर सुरावटीतून निघतं.

आता ते तळ्याकाठचं चित्र पुन्हा पाहा. फरच्या झाडाचा टोकदार आकार हा विषय. तो एकदा येतो, मग पुन्हा, मग आणखी एकदा. कुठे मोठा, कुठे लहान, कुठे गडद, कुठे धुक्यात विरत चाललेला. झाडांच्या ओळी एकीवर एक आडव्या मांडल्यात, स्वरलिपीच्या कागदावर आवाजांच्या ओळी मांडाव्यात तशा. आणि पाण्यातली प्रतिबिंबं? तो उलटा केलेला विषय. निसर्गात पाणी जे आपोआप करतं, तेच फ्यूगमध्ये संगीतकार कष्टाने करतो. हे साम्य ज्याला दिसलं तो याडासझोनांच्या वर्गात बसून वह्याच्या वह्या भरलेला माणूस होता. नुसत्या भावनेच्या लाटेत हे सुचत नाही.

१९०२ मध्ये याडासझोन वारले. त्याच वर्षी ओगिन्स्कीही गेला आणि पैशांचा ओघ थांबला. च्युर्लिओनिस वॉर्सोला परतला, शिकवण्या करून पोट भरू लागला, आणि रंगांकडे वळला. १९०४ मध्ये वॉर्सोत नवी कलाशाळा निघाली तेव्हा एकोणतिसाव्या वर्षी तो तिथे विद्यार्थी म्हणून दाखल झाला. संगीत सुटलं नाही. 'यूरा', म्हणजे 'समुद्र', ही त्याची सर्वांत मोठी वाद्यवृंद-रचना १९०३ ते १९०७ या काळातली. (फ्रेंच संगीतकार डेब्यूसीची समुद्रावरची प्रसिद्ध रचनाही १९०३ ते १९०५ मधली. दोघांना एकमेकांच्या कामाचा पत्ता नव्हता, आणि दोन्ही समुद्र एकमेकांपासून फार वेगळे आहेत.)

याच काळातल्या पियानोच्या रचनांमध्ये त्याच्या स्वभावाची एक खूण सापडते. जर्मन पद्धतीत स्वरांना अक्षरांची नावं असतात: ए, बी, सी, डी अशी. कोमल 'ई'ला 'एस' म्हणतात, त्यामुळे 'एस' हे अक्षरही स्वर म्हणून वापरता येतं. मग एखाद्या नावातली जी अक्षरं स्वर होऊ शकतात तेवढी वेचून त्यांचीच सुरावट करता येते. १९०४ मध्ये त्याने स्तेफानिया लेस्किएविच या नावातून अशी नऊ अक्षरं वेचली. 'सेफा एसेक' (Sefaa Esec) असा विचित्र शब्द तयार झाला आणि त्या नऊ स्वरांवर त्याने पियानोसाठी व्हेरिएशन्सची, म्हणजे एकच सुरावट दरवेळी थोडी बदलून मांडण्याची, एक मालिका बांधली. दगड आधी निवडायचे, मग त्यांतूनच घर उभं करायचं. चित्रातही त्याने हेच केलं.

१९०७ पासून त्याने चित्रांचे संच काढायला घेतले आणि त्यांना सरळ सोनाटा म्हटलं: सूर्याचा सोनाटा, वसंताचा, सर्पाचा, समुद्राचा, ताऱ्यांचा. सोनाटा म्हणजे एक-दोन वाद्यांसाठीची मोठी रचना, तीन किंवा चार भागांची. पहिला भाग बहुधा 'अलेग्रो', चपळ गतीचा. दुसरा 'आंदान्ते', या इटालियन शब्दात चालणं आहे, म्हणजे पायी चालण्याची गती. मग 'स्केर्त्सो', शब्दशः थट्टा. शेवटी 'फिनाले'. आपण विलंबितापासून सुरू करून द्रुताकडे जातो, त्यामुळे आपल्याला हा क्रम जरा चमत्कारिक वाटतो: हे लोक धावत सुरुवात करतात, मध्येच शांत होतात आणि पुन्हा उसळतात.

समुद्राचा सोनाटा १९०८ चा, तीन चित्रांचा. अलेग्रोमध्ये लाटांच्या ओळी किनाऱ्याकडे येत राहतात, एकीमागून एक, ठेक्यात, आणि त्यांच्यावर असंख्य चमचमते ठिपके. बाल्टिकच्या किनाऱ्यावर वाळूत अंबर, म्हणजे प्राचीन झाडांच्या चिकाचे दगड झालेले सोनेरी खडे, सापडतं, ते माहीत असलेल्या माणसाला ते ठिपके काय आहेत हे सांगावं लागत नाही. आंदान्तेमध्ये सगळं थांबतं. आपण पाण्याच्या पोटात आहोत, तिथे बुडालेलं काही जुनं पसरलंय आणि एका मोठ्या हाताने शिडाची एक छोटी होडी अलगद धरलीय. मग फिनाले: चित्रभर उभी राहिलेली एक प्रचंड लाट, तिच्या कवेत इवल्याशा होड्या. नीट पाहिलं तर लाटेच्या फेसात च्युर्लिओनिसच्या नावाची आद्याक्षरं दिसतात.

तीन चित्रं सुटी पाहिली तर तीन समुद्रचित्रं आहेत. क्रमाने पाहिली तर त्यांना वेळ मिळतो. चित्राची अडचणच ही असते, की ते एका नजरेत सगळंच दाखवून टाकतं. संगीत मात्र पुढे काय येणार यावर उभं असतं. संगीतकाराने चित्राला ती वाट पाहायला लावणारी शक्ती मिळवून दिली. मला सर्वांत हलवून जातं ते सूर्याच्या सोनाटाचं शेवटचं चित्र. पहिल्या भागात सूर्यच सूर्य असतात. फिनालेत येते एक मोठी घंटा, आणि तिच्यावर कोळ्याचं जाळं.

१९०६ च्या आरंभी त्याने भावाला पत्रातून कळवलं होतं, की आपलं आजवरचं आणि यापुढचं सगळं काम लिथुआनियाला अर्पण करायचं ठरवलंय. पुढच्या वर्षी विल्नियसमध्ये लिथुआनियन कलेचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात त्याची चित्रं होती. तो विल्नियसला राहायला आला, तिथल्या लिथुआनियन गायनवृंदाला शिकवू लागला, लोकगीतांना चार आवाजांत बांधू लागला. इथेच त्याला सोफिया किमान्ताइते भेटली. लेखिका, समीक्षक, वयाने अकरा वर्षांनी लहान, स्पष्ट बोलणारी. तिने त्याला लिथुआनियन शिकवली. १ जानेवारी १९०९ ला त्यांचं लग्न झालं. दोघं मिळून 'यूराते' नावाचा ऑपेरा करणार होती, समुद्राच्या तळाशी अंबरच्या महालात राहणाऱ्या देवीच्या दंतकथेवर. तो पूर्ण झाला नाही.

सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या चित्रांना जाणकार मिळाले, चित्रकार दोबुझिन्स्कीने त्याला कलावंतांच्या वर्तुळात नेलं. पैसे मात्र मिळाले नाहीत. तो अर्धपोटी राहून दिवसरात्र काम करत होता आणि १९०९ च्या अखेरीस त्याचं मन कोसळलं. १९१० मध्ये त्याला वॉर्सोजवळच्या पुस्तेल्निकच्या आरोग्यधामात ठेवलं. त्याच वर्षी मुलगी झाली, दानुते. तिला त्याने कधी पाहिलं नाही. १० एप्रिल १९११ रोजी न्यूमोनियाने तो गेला. विल्नियसच्या रासोस दफनभूमीत त्याला पुरलं. 'समुद्र' वाद्यवृंदाकडून ऐकण्याचं त्याच्या नशिबी नव्हतं. ती रचना लोकांसमोर पहिल्यांदा वाजली १९३६ मध्ये.

सोफियाबद्दल आणखी एक सांगायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात, नाझींच्या ताब्यातल्या कौनासमध्ये, तिने आणि लेक-जावयाने ज्यू माणसांना लपवून वाचवलं. इस्राएलने त्याबद्दल त्यांचा पुढे सन्मान केला.

त्याची कबर विल्नियसला आणि चित्रं कौनासला, असं का, हा प्रश्न तिथे जाणाऱ्याला पडतो. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विल्नियस ही जुनी राजधानी पोलंडच्या ताब्यात होती आणि कौनास ही लिथुआनियाची तात्पुरती राजधानी होती, म्हणून त्याच्या नावाचं संग्रहालय तिथे उभं राहिलं. साध्या कागदावरची, नाजूक रंगांतली ही चित्रं प्रवासाला फारशी पाठवत नाहीत, आणि जगात त्याचं नाव हवं तितकं पोचलं नाही याचं तेही एक कारण आहे. ज्यांनी पाहिलं ते मात्र विसरले नाहीत. रामकृष्ण, विवेकानंद आणि गांधीजींची चरित्रं लिहिल्यामुळे आपल्याला माहीत असलेल्या रोमां रोलां यांनी १९३० मध्ये सोफियाला पत्र लिहून कळवलं होतं, की तुमच्या पतीने मनाचा एक नवा खंड शोधलाय आणि तो त्याचा कोलंबस आहे.

सोव्हिएत राजवटीत सुरुवातीला त्याच्याकडे संशयाने पाहिलं गेलं. पुढे वातावरण थोडं सैल झाल्यावर ज्या अभ्यासकाने त्याची हस्तलिखितं चाळली, रचना क्रमवार लावल्या आणि पियानोवर वाजवून लोकांपर्यंत नेल्या, त्याचं नाव विताउतास लान्ड्सबेर्गिस. च्युर्लिओनिसच्या रचनांच्या क्रमांकाआधी 'व्हीएल' ही अक्षरं दिसतात, ती याच माणसाची. ११ मार्च १९९० रोजी लिथुआनियाने सोव्हिएत संघातून बाहेर पडून स्वातंत्र्य जाहीर केलं, तेव्हा देशाच्या संसदेच्या अध्यक्षपदी हेच लान्ड्सबेर्गिस होते. उभं आयुष्य एका संगीतकाराच्या स्वरलिपीत घालवलेला प्राध्यापक.

ऐकायचं असेल तर सुरुवात 'मिश्के'पासून करावी. वीसेक मिनिटांची रचना आहे, पहिल्या काही क्षणांतच जंगलात नेते. मग पियानोची प्रिल्यूडं, म्हणजे छोट्या सुट्या रचना, दोन-तीन मिनिटांची एकेक. सुरुवातीच्या प्रिल्यूडांमध्ये पोलिश संगीतकार शोपँचा हात धरलेला कळतो. १९०६ नंतरच्या प्रिल्यूडांमध्ये डावा हात एकच छोटा आकृतिबंध पुन्हा पुन्हा म्हणत राहतो आणि उजवा त्याच्यावरून भलतीकडेच निघून जातो. ही ऐकताना फरच्या झाडांच्या त्या ओळी डोळ्यासमोर येतात. शेवटी लाइपझिगच्या दिवसांत लिहिलेली, चार तंतुवाद्यांसाठीची रचना ऐकावी. तिचा शेवटचा भाग हरवलाय. वादक तिसऱ्या भागापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात.